कापडावर सांडलेले मेण काढायचे कसे

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावरची जाडजूड लाल मेणबत्ती कलंडली आणि वितळलेले मेण टेबलक्लॉथवर सांडले. टेबलक्लॉथ पांढरा, सुती आणि तसा साधाच होता, पण त्याच्या चारही कोपऱ्यांवर माझ्या आत्याने हाताने कशिदा भरलेला होता. त्यामुळे पाहुण्यांची पाठ वळताच मी तो उचलून मोरीत नेला, गीझरचे कढत पाणी बादलीत सोडले आणि कपड्यांच्या ब्रशने घासायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी रुपयाएवढ्या तीन ठिपक्यांच्या जागी तळहाताएवढा एक गुलाबी पट्टा तयार झाला होता, कापड तेवढ्या भागात पुठ्ठ्यासारखे ताठ झाले होते आणि ब्रशच्या केसांत मेणाचे बारीक गोळे अडकून बसले होते.

तो टेबलक्लॉथ पुढे वाचला, परंतु मूळ डाग काढायला जितका वेळ लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ माझी चूक निस्तरण्यात गेला. नीट पद्धत मला शिकवली ती आमच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या एका मावशींनी. त्यांच्या घरी मेणबत्त्यांचा वापर वर्षभर असतो आणि दर सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जाताना गर्दीत कोणाच्या तरी हातातली मेणबत्ती आपल्या पदरावर ठिबकणार, हे त्या गृहीतच धरून चालतात. त्यानंतर पावसाळ्यात वीज गेली असताना सोलापुरी चादरीवर, वाढदिवसाच्या केकशेजारी सोफ्यावर आणि एकदा आईच्या रेशमी साडीवर, असा माझाही हात बसत गेला. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून ठरलेला आहे.

आधी थोडे मेणाविषयी

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या मेणाच्या असतात. हे मेण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने, मग ते कितीही वेळा बदलले तरी, ते निघणार नाही. ते साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. माझी चूक इथेच झाली होती. गीझरच्या पाण्याने मेण मऊ पडले, घासण्यामुळे ते आजूबाजूच्या धाग्यांत शिरले आणि बादलीतले पाणी कोमट होताच तिथेच गोठून बसले. मेण वितळवायचे असेल तर ते वितळल्यावर जाणार कुठे याची सोय आधी करावी लागते, आणि ती मी केलेली नव्हती.

मेणाच्या डागात खरे तर तीन गोष्टी एकावर एक असतात. कापडावर टेकडीसारखा बसलेला घट्ट थर ही पहिली, धाग्यांच्या आत मुरलेले मेण ही दुसरी, आणि मेणाबरोबर आलेला रंग व सुगंधी तेल ही तिसरी. पहिला थर थंडीने सुटतो, दुसरा उष्णतेने आणि तिसरा साबणाने किंवा स्पिरिटने. घोटाळा बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे होतो, कारण आपण सवयीने तिसऱ्या कामापासून, म्हणजे धुण्यापासून सुरुवात करतो.

काय काय जवळ हवे

यातले बहुतेक सामान घरात सापडते. काम सुरू करण्यापूर्वी सगळे एका जागी मांडून ठेवावे, कारण इस्त्री तापलेली असताना कागद शोधत फिरणे ही कापड जाळण्याची हमखास युक्ती आहे.

- बर्फाचे खडे आणि गळकी नसलेली प्लास्टिकची पिशवी, किंवा फ्रीजरमध्ये तेवढी मोकळी जागा
- बोथट धारेची एखादी वस्तू: स्टीलचा चमचा, लोणी लावायचा चाकू किंवा मुदत संपलेले एटीएम कार्ड
- टिपकागद, छपाई नसलेले पांढरे टिशू पेपर किंवा साधा खाकी कागद, आणि तो अंदाजापेक्षा दुप्पट
- इस्त्री, शक्यतो वाफेची नसलेली. वाफेची असल्यास तिच्यातले पाणी ओतून टाकावे
- एक जुना सुती पंचा आणि एक जाड टॉवेल
- भांडी घासायचा पातळ साबण
- मेडिकलच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट आणि कापूस, हे फक्त रंगीत मेणासाठी

कागदाविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात, कारण सर्वांत जास्त नुकसान मी कागदाने झालेले पाहिले आहे. वर्तमानपत्र वापरू नये. इस्त्रीच्या उष्णतेने त्याची शाई सुटते आणि मेणाच्या जागी काळा डाग येतो. दुसरे म्हणजे शाळेच्या वह्यांना घालायचा जो चकचकीत खाकी कागद गुंडाळीत मिळतो, त्याच्या एका बाजूला पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो थर इस्त्रीखाली वितळून कापडाला चिकटतो आणि मग मेण परवडले असे म्हणायची वेळ येते. कागदावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मुरला तर कागद चालेल, मोत्यासारखा उभा राहिला तर नाही.

१. गार होऊ द्या

मेणबत्ती पडल्यावर सर्वप्रथम ज्योत विझवावी. अंगावर गरम मेण उडाले असेल तर त्या जागी नळाचे गार पाणी सोडावे आणि कापडाची चिंता नंतर करावी. कापडावरच्या ओल्या मेणाला मात्र हात लावू नये, ते पुसू नये, टिशूने टिपण्याचाही प्रयत्न करू नये. गरम मेण टिपताना हाताचा दाब पडतो, त्या दाबाने ते खालच्या धाग्यांत उतरते आणि डागाचा घेर वाढतो. कापड सपाट ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. वातीचा काळा तुकडा मेणात पडला असेल तर मेण घट्ट झाल्यानंतर तो मेणासकट निघतो. आधी चिमटीत धरून ओढला तर काजळी पसरते.

२. कापड आणि मेण दोन्ही ओळखा

गार होण्याच्या वेळात कापडाचे लेबल पाहून घ्यावे. सुती आणि लिननचे कापड जवळजवळ सगळे सहन करते. पॉलिएस्टर, नायलॉन आणि जॉर्जेटसारख्या कापडांना इस्त्री अगदी मंद लागते. रेशीम, लोकर आणि मखमल यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. त्यातले काही असेल तर तो भाग आधी वाचावा.

मेणाचा प्रकारही पाहावा. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि गार झाल्यावरही किंचित चिवट राहते, त्यामुळे ते तडकून निघण्याऐवजी ओढले जाते. सोयाबीनच्या तेलापासून केलेले मेण मऊ असते, ते खरवडताना लोण्यासारखे पसरते, परंतु साबणाला पॅराफिनपेक्षा लवकर दाद देते. काचेच्या पेल्यातल्या पारदर्शक जेलच्या मेणबत्तीत मुख्यतः खनिज तेल असते. ती बर्फाने टणक होत नाही आणि इस्त्रीने पसरते, म्हणून तिच्या डागाला तेलाचा डाग समजावे: चमच्याने जमेल तेवढे उचलावे, वर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पावडर झटकून थेट पाचव्या पायरीकडे जावे. दिवाळीतल्या पणत्यांचे तर दोन्ही प्रकार घरात एकाच वेळी असतात. तेलाच्या पणतीचा डाग मऊ आणि गडद दिसतो. मेणाच्या पणतीचा डाग बोटाला खरखरीत लागतो आणि कापड दुमडले की त्यावर पांढरट रेघ उमटते.

३. वरचा थर काढा

छोटे कापड असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे. चादर किंवा पडदा असेल तर बर्फाचे खडे पिशवीत भरून, पिशवीचे तोंड बांधून ती डागावर पाच ते दहा मिनिटे ठेवावी. बर्फ उघडा ठेवू नये, कारण कापड ओले झाले की पुढच्या पायरीत इस्त्रीची अर्धी उष्णता पाणी आटवण्यात जाते.

मेण पुरेसे थंड झाले की कापड दोन्ही हातांनी धरून डागाच्या जागी मागून हलकेच वाकवावे. पॅराफिन कट्कन तडकते आणि त्याचे पापुद्रे आपोआप सुटू लागतात. ही पायरी नीट केली तर निम्म्याहून जास्त मेण चाकू न लावताच निघते, असा माझा अनुभव आहे. राहिलेले मेण चमच्याच्या कडेने किंवा जुन्या कार्डाने डागाच्या बाहेरून मध्याकडे, कापडाच्या विणीच्या दिशेने खरवडावे. आडवे खरवडले तर धागे सुटतात. टर्किश टॉवेलवर तर फासे ओढले जातात, म्हणून तिथे खरवडण्याऐवजी बोटांनी चुरगाळून मेणाचा भुगा करावा आणि टॉवेल झटकावा. मेण मध्येच मऊ पडू लागले तर नेट लावू नये, पुन्हा बर्फ लावावा.

हे काम खाली मोठा कागद पसरून करावे. मेणाचे कण फरशीवर पडले तर ते पायाखाली येऊन घरभर फिरतात आणि फरशी निसरडी होते ती वेगळीच. गोळा झालेले मेण कचऱ्याच्या डब्यात टाकावे.

४. उरलेले मेण कागदाला प्यायला द्या

आता कापडावर टेकडी राहिलेली नाही, पण बोट फिरवले तर ती जागा ताठ लागते. हे धाग्यात मुरलेले मेण आहे आणि ते काढण्याचे काम इस्त्रीपेक्षा कागद करतो. इस्त्री फक्त मेण पातळ करते. कागद ते शोषून घेतो.

टेबलावर जाड टॉवेल अंथरावा, त्यावर कागदाचे दोन-तीन थर ठेवावेत. कापड असे पसरावे की मेण सांडलेली बाजू खाली, कागदाकडे येईल, म्हणजे मेण ज्या वाटेने आत शिरले त्याच वाटेने बाहेर पडेल. वरच्या बाजूलाही एक कागद ठेवावा. इस्त्री कधीही थेट कापडावर टेकवू नये.

इस्त्रीच्या तापमानाविषयी मावशींनी मला जे सांगितले ते इथे सविस्तर देते. इस्त्रीच्या चकतीवर जो एका ठिपक्याचा, म्हणजे सर्वांत मंद टप्पा असतो, तो सुमारे ११० अंशांपर्यंतचा असतो. दोन ठिपके म्हणजे सुमारे १५० आणि तीन ठिपके म्हणजे सुमारे २०० अंश. मेण तर साठ-पासष्ट अंशांनाच वितळते. याचा अर्थ असा की मंदातला मंद टप्पासुद्धा आपल्या कामाला पुरून उरतो आणि सुती कापड आहे म्हणून चकती शेवटपर्यंत फिरवण्याचे काहीच कारण नाही. जास्त तापवल्याने मेण लवकर निघत नाही. ते अधिक पातळ होऊन कागदाच्या कडेबाहेर धावते आणि रंगीत मेण असेल तर त्याचा रंग धाग्यात पक्का बसतो.

इस्त्री कागदावर दहा-पंधरा सेकंद ठेवावी आणि उचलावी, कपड्याला करतो तशी मागेपुढे फिरवू नये. उचलल्यावर कागदावर एक पारदर्शक ठिपका दिसेल, तूप लागलेल्या कागदावर दिसतो तसा. तेच आपले मेण. लगेच खालचा आणि वरचा कागद सरकवून कोरा भाग डागाखाली आणावा. इथे कागदाची काटकसर करू नये, कारण मेणाने भरलेला कागद पुढच्या खेपेला तेच मेण कापडाला परत देतो. माझ्या टेबलक्लॉथला चौदा कागद लागले. पहिल्या चारांवर लालभडक डाग उठले, नंतरच्यांवर गुलाबी, आणि अकराव्यापासून पुढे फक्त तेलकट ओलसरपणा राहिला. ज्या खेपेला कागद कोरा निघेल तिथे थांबावे.

मेण पूर्ण गेले की नाही हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. सुती कापडासाठी एक सोपी परीक्षा आहे. कापड गार झाल्यावर डागाच्या जागी बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब लगेच पसरून मुरला तर धागा मोकळा झाला आहे. तो गोल होऊन वर बसून राहिला तर आत अजून मेण आहे, तेव्हा आणखी एक-दोन कागद खर्ची घालावेत. मेण पाण्याला आत येऊ देत नाही, या एकाच गुणावर बाटिकची सगळी कला उभी आहे: जिथे मेण लावले तिथे रंग चढत नाही. बाटिकचे कारागीर शेवटी ते मेण कापड उकळत्या पाण्यात घालून काढतात, आणि पांढऱ्या सुती कापडासाठी त्याच धर्तीची एक घरगुती पद्धत आहे.

ती अशी. मोठ्या पातेल्याच्या तोंडावर कापडाचा डागाचा भाग ताणून नाड्याने किंवा रबराने घट्ट बांधावा आणि त्यावर खळखळ उकळलेले पाणी वीतभर उंचीवरून, थेट डागावर, हळूहळू ओतावे. मेण वितळून पाण्याबरोबर पातेल्यात उतरते आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते; पाणी गार झाले की त्याची पापडी हाताने उचलता येते. ही पद्धत झटपट आहे, परंतु ती फक्त पांढऱ्या सुती कापडावर आणि बिनरंगी मेणासाठी वापरावी. रंगीत सुती कापडाचा, विशेषतः इरकल किंवा खणासारख्या कापडाचा, रंग उकळत्या पाण्यात उतरण्याचा धोका असतो. पाणी ओतताना लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. पातेल्यातले पाणी गरम असतानाच मोरीत ओतू नये; मेण पुढे नळीत गोठते आणि मग प्लंबरला बोलवावे लागते.

शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे कापड पाठवून हे काम उरकावे, असा विचार मनात येणे साहजिक आहे. तो करू नये. कोळशाच्या इस्त्रीला उष्णता कमी-जास्त करायची चकती नसते, शिवाय त्याच्याकडे पुढच्या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणाचे तरी कपडे असतात.

५. रंग आणि तेलकटपणा

बिनरंगी पांढऱ्या मेणबत्तीचा डाग असेल तर आता फक्त एक हलके तेलकट वर्तुळ उरलेले असते. त्यावर भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, बोटाने हलके चोळावे आणि पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावे. या टप्प्यावर मेण राहिलेले नसल्यामुळे कोमट पाणी चालते.

रंगीत मेणबत्तीत रंग तेलात विरघळणारा असतो, म्हणून साबणाने तो फिका होतो पण जात नाही. त्यासाठी सर्जिकल स्पिरिट उपयोगी पडते. आधी कापडाच्या आतल्या शिवणीवर किंवा दुमडीवर एक थेंब लावून पाच मिनिटांनी पांढऱ्या कापसाने टिपून पाहावे. कापसाला कापडाचा रंग लागला तर स्पिरिटचा नाद सोडावा. लागला नाही तर डागाखाली टिशू ठेवून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने बाहेरून आत असे टिपत जावे आणि दर दोन-तीन वेळा कापूस बदलावा. घासू नये. खालच्या टिशूवर रंग उतरताना दिसतो. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून ते वापरताना खिडकी उघडी ठेवावी, गॅस आणि देवापुढचा दिवा विझवलेला असावा, आणि कापड पूर्ण वाळेपर्यंत त्यावर पुन्हा इस्त्री फिरवू नये.

एवढे करूनही पांढऱ्या सुती कापडावर रंगाची छटा राहिली तर ऑक्सिजन ब्लीच, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, कोमट पाण्यात घालून कापड त्यात भिजवावे. माझा टेबलक्लॉथ अशा तीन भिजवण्यांनंतर पांढरा झाला. कशिद्याचे धागे रंगीत असतील तर तेही आधी तपासून घ्यावेत. क्लोरीनचे ब्लीच रेशीम आणि लोकर यांना खाऊन टाकते, तिथे ते कधीच वापरू नये, आणि कोणत्याही कापडावर ते व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाबरोबर मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

जुन्या पिढीतले लोक इथे रॉकेलचा सल्ला देतात. रॉकेल, पेट्रोल आणि टर्पेंटाइन यांत मेण खरोखर विरघळते, तेव्हा सल्ला चुकीचा नाही, पण घरात, कोंदट मोरीत, आणि तेही नुकत्याच तापलेल्या इस्त्रीशेजारी हे पदार्थ उघडणे धोक्याचे आहे. शिवाय त्यांचा वास कापडाला चिकटतो. मी त्या वाटेला जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने मेण फारसे विरघळत नाही, आणि तो ॲसिटोनचा असला तर ॲसिटेटचे कापड मात्र विरघळते, म्हणून तोही नको.

६. मग धुणे

शेवटचे धुणे नेहमीसारखे, परंतु पहिल्या खेपेला हे कापड एकट्याने धुवावे. वॉशिंग मशीनला पाणी तापवायची सोय असेल आणि कापडात थोडे मेण राहून गेले असेल, तर ६० अंशांच्या धुण्यात ते वितळून बाकीच्या कपड्यांवर ठिपके पाडते. धुतल्यावर कापड ड्रायरमध्ये न टाकता दोरीवर वाळवावे. वाळल्यावर उजेडाकडे धरून पाहावे. डागाची कड दिसली तर चौथ्या किंवा पाचव्या पायरीकडे परत जावे; उन्हात तापवून डाग उडेल अशी आशा करू नये.

नाजूक कापडे आणि न उचलता येणारे सामान

रेशमी साडीवर बर्फ ठेवू नये. पिशवीला बारीकसे भोक असले तरी रेशमावर पाण्याचा डाग उठतो आणि तो काढायला वेगळे श्रम पडतात. साडीचा तेवढा भाग कोरड्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, बाकीची साडी बाहेर खुर्चीवर राहिली तरी चालते. अर्ध्या तासाने मेण बोटांनी वाकवून तडकवावे. चमचा किंवा कार्ड लावू नये. नंतर दोन्ही बाजूंना टिशू आणि वरून सुती पंचा ठेवून सर्वांत मंद इस्त्री पाच-पाच सेकंद टेकवावी. आईच्या साडीवर मेण नशिबाने अंगात पडले होते. ते काठावर किंवा पदरावर, म्हणजे जरीवर पडले असते तर मी घरी हातही लावला नसता. जरीचे मोकळे धागे नखानेसुद्धा उचकटतात, आणि स्पिरिट वा ब्लीचने जर काळी पडण्याची भीती असते. पैठणीसारखी साडी असेल तर पहिल्या पायरीनंतर सरळ ड्रायक्लीनर गाठावा.

लोकरीच्या शालीला थंडी आणि मंद इस्त्री दोन्ही चालतात, पण गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. मखमलीची लव दाबली जाऊ नये म्हणून ती जाड टॉवेलवर, मध्ये टिशू ठेवून, पालथी घालावी आणि इस्त्री मागच्या बाजूने, न दाबता धरावी. मेण निघाल्यावर मऊ ब्रशने लव उभी करावी. पॉलिएस्टरचे पडदे आणि जॉर्जेटच्या साड्या यांना सर्वांत मंद टप्पा आणि वरून पंचा एवढे पाळले की त्रास होत नाही.

सोफा आणि गालिचा यांच्याखाली कागद सरकवता येत नाही, त्यामुळे सगळे शोषण वरच्या कागदानेच व्हावे लागते आणि खेपा वाढतात. सोफ्याच्या कापडाखाली फोम असतो आणि कितीतरी गालिच्यांच्या पाठीला रबरासारखा लेप असतो. दोन्ही उष्णतेने खराब होतात. म्हणून इस्त्री एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये आणि दोन खेपांमध्ये हात ठेवून जागा गार झाल्याची खात्री करावी. इस्त्री पोहोचत नाही अशा कोपऱ्यात हेअर ड्रायर चालतो, पण त्याच्या झोताने मेण पुढे ढकलले जाते, तेव्हा ड्रायर एका हातात आणि टिशू दुसऱ्या हातात, असे दोन्ही एकाच वेळी करावे. केकशेजारच्या आमच्या सोफ्याला पूर्ण दुपार लागली. रेक्झिनच्या सोफ्याला इस्त्री अजिबात लावू नये; तिथे बर्फ आणि जुने कार्ड एवढ्यानेच बहुतेक मेण सुटते.

ड्रायक्लीनरकडे देताना

ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी जे द्रव वापरतात त्यांत मेण विरघळते, त्यामुळे महागाच्या कपड्यासाठी हा मार्ग योग्यच आहे. मात्र दुकानात कपडा देताना डाग मेणाचा आहे, मेणबत्ती कोणत्या रंगाची होती आणि घरी काय काय करून पाहिले, हे तिन्ही सांगावे आणि डागाभोवती खडूने गोल करून द्यावा. हे न सांगितल्यामुळे एकदा माझा एक कुर्ता डागासकट कडक इस्त्री होऊन परत आला आणि मेणाचा निळा रंग कायमचा बसला. दुकानदाराने घरीच काहीतरी लावले असेल म्हणून हात वर केले, आणि पावतीवर डागाची नोंद नसल्यामुळे मला काही बोलता आले नाही. तेव्हापासून मी पावतीवर डाग लिहून घेते.

इस्त्री पुसून ठेवा

काम झाल्यावर इस्त्रीचा तळ पाहावा. कागद कितीही काळजीने बदलले तरी कडेला कुठेतरी मेण लागलेले असते आणि गार झाल्यावर ते दिसत नाही. इस्त्री मंद तापवून, बटण बंद करून, दुमडलेल्या जुन्या सुती कापडावर ती पाच-सहा वेळा फिरवावी आणि वाफेची असेल तर तळाची भोके कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी पहिला कपडा पांढरा शर्ट असेल तर आधी पंच्यावर एक हात फिरवून पाहावा.